चंदाच्या पाटीवरचं वाक्य

गफूर,

मागच्या हिवाळ्यात त्या पाटीपुढे उभं राहून तू मला हळूच विचारलंस, "काय लिवलं हाय रे, सुध्या?" आणि मी तुला खोटं वाचून दाखवलं.

तुला जाऊन आज एकतीस दिवस झाले. मयतीला आलेले लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलाजवळ तुझं छत्र्या-कुलपांचं दुकान होतं, त्याच्या शेजारचा फुलवाला सांगत होता की कुलूप उघडलं की तू आधी त्या कुलपालाच शाबासकी द्यायचास. मीही चार गोष्टी सांगू शकलो असतो. माझ्याजवळ त्या इतरांपेक्षा जास्तच असतील, कारण आपली ओळख अडुसष्ट वर्षांची. पण त्या दिवसाच्या खोट्याचा निकाल लावल्याशिवाय तुझ्याबद्दल गोड बोलणं मला शोभणार नाही. म्हणून आधी ते.

परतवाडा सोडून डोंगराकडे निघालं की घाट लागायच्या आधी रस्त्याला लागूनच तारेचं उंच कुंपण सुरू होतं. बाहेर चहाची टपरी, दोन भुट्टेवाले, चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्या. आत दरवेशांकडून सोडवून आणलेली म्हातारी अस्वलं, आणि त्यांतच तुझी चंदा. तुझी पोरगी सलमा हिने मला अमरावतीला फोन केला होता. "चाचा, चंदाले परतवाड्याकडं आनलं म्हनतात. शेजारच्यानं फोटो काढून आनला. अब्बानं कानावरून वळखलं. जाईन तं सुध्यासोबतच जाईन म्हनते." मला नाही म्हणता आलं नाही. तू अकोल्याहून आलास, मी अमरावतीहून, आणि परतवाड्याच्या स्टँडवर आपण भेटलो. तू स्वच्छ पांढरा सदरा घातला होतास आणि खिशात कागदाची पुडी होती.

फाटकावर रजिस्टर असतं. नाव, गाव, भेटीचं कारण. तू उर्दूत सही केलीस, मराठी तुला वाचता येत नव्हतं. कारणाच्या रकान्यात मी 'अस्वले पाहणे' लिहायला लागलो, तर तू हात धरलास.

"असं लिव ना, पोरीले भेटाले आलो."

तिथे काम करणारा शिवलाल, डोंगरातल्या गावचा कोरकू माणूस, हसला. तुझ्या पुडीत वाळलेली मोहाची फुलं निघाली. बाहेरचं खाणं चालत नाही, डॉक्टरांना विचारावं लागेल, असं तो म्हणाला. तू पुडी त्याच्या हातात ठेवलीस. "विचारून दे. घाई नाही. लय आवडते तिले."

तिच्या कुंपणाजवळ आल्यावर तू मूठभर माती हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहिलीस आणि मला ओढत दुसऱ्या बाजूला नेलंस. मला वाटलं, ऊन टाळतोयस. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "मोठ्यानं बोलू नोको. माहा आवाज ऐकला, वास आला तं उभी राहीन. दोन पायावर. तिचे गुडघे गेले आता."

पाऊण तास तू तिथे उभा होतास आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. सहा वर्षं तुझ्या हातचं खाल्लेली ती, एका लाकडाच्या ओंडक्यावर लावलेला मध चाटत बसली होती. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. छातीवरचा पांढरा चांद पिवळा झालेला. परतवाड्याच्या बाजारात कुत्र्याने फाडलेला डावा कान तसाच. मधूनच ती डोकं डावीउजवीकडे हलवायची, बराच वेळ, डमरू नसताना. तू तिकडे पाहिलं नाहीस. तू पाटीकडे पाहिलंस.

पाटीवर तिचं नाव आशा असं होतं. ते मी वाचलं. तू मान डोलावलीस.

"सासरी गेली का नाव बदलतेच. पुढं?"

पुढे जे लिहिलं होतं ते असं : 'शिकाऱ्याने आईला ठार मारून हे पिल्लू जंगलातून पळवले.' मी वाचलं, "जंगलात सापडलेलं पिल्लू."

"अजून?"

"तापल्या सळईने नाक छेदून, दोरी ओवून कित्येक वर्षं बाजारात नाचवलं." हे मी पाटीवर होतं तसंच वाचलं. हे खोटं करायची मला गरज नव्हती.

"कोनं छेदलं त्याचं नाव हाय?"

"नाही."

"टाकाले पाहिजे होतं," तू म्हणालास. "म्या छेदलं. माहं नाव टाकाले पाहिजे होतं." मग तू माझ्याकडे पाहत राहिलास. चांगला बराच वेळ. मला वाटलं, माझ्या खांद्यावरून तिला पाहतोयस. मी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. नंतर तू म्हणालास, "चाल, चहा घेऊ," आणि आपण टपरीवर जाऊन चहा घेतला, आणि तू मला तुझ्यातली अर्धी खारी दिलीस.

आता ते वाक्य पाटीवर कुठून आलं ते लिहितो. तुला ठाऊक आहे. बाकीच्यांना नाही.

मी सहा वर्षांचा होतो तेव्हा सारखा दचकायचो. भांडं पडलं तरी दचकायचो, कुणी हाक मारली तरी. मायचे अंगारे लावून झाले, दृष्ट काढून झाली. मग अचलपूरच्या आमच्या गल्लीत तुझे अब्बा अस्वल घेऊन आले, आणि माय मला कडेवर घेऊन धावत बाहेर गेली. भिणाऱ्या पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवायचं आणि त्याच्या केसाचा ताईत गळ्यात बांधायचा, ही आपल्याकडची रीत. तुझ्या अब्बांनी मला उचलून पाठीवर ठेवलं. मी डोळे गच्च मिटून दोन्ही मुठींत केस धरले. ते मायला म्हणाले, "बाई, घाबरू नोका. ज्याले आमी बसवतो त्याचं भेव आमी घेतो. हे खाली उतरलं का याचं भेव आमचं."

पण मी उतरेचना. मायने ओढलं, तुझ्या अब्बांनी ओढलं, मी केस सोडीना. माझा पाय धरून खाली एक माझ्याएवढं पोरगं उभं होतं. ते वैतागून म्हणालं, "उतर ना बे! माह्या अस्वलाची पाठ दुखून राहिली."

तो तू. आपलं पहिलं बोलणं ते.

पुढे मी जंगलखात्यात लागलो आणि तू अब्बांचा डमरू घेतलास. ते गेल्यावर, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचं अस्वलही गेल्यावर, तू डमरू खुंटीला टांगलास. तू मला सांगितलंस, "हे काम आता अब्बासोबत गेलं. पोरी मोठ्या होऊन राहिल्या. लोक शाळेत त्याहिले अस्वलवाल्याच्या म्हनतात." तू परतवाड्याच्या मंडीत संत्र्यांच्या पेट्या भरायला जाऊ लागला होतास. हे लोकांना कळायला हवं. तू हा धंदा आपणहून सोडला होतास. त्यात तुला परत ओढणारा मी.

मी तेव्हा वनपाल होतो, डोंगरातलं एक राउंड, म्हणजे जंगलाचा एक तुकडा, माझ्याकडे होतं. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून थंडी सरता सरता आम्ही जाळरेषा जाळतो, म्हणजे जंगलात पट्टा आखून त्यातलं गवत आपणच आधी जाळून टाकायचं. जाळायच्या आधी वनपालाने तो पट्टा पायी फिरायचा. नाले, कपारी पाहायच्या. त्या दिवसांत अस्वलाची मादी पिलं घेऊन कपारीत असते, हे मला तू सांगायची गरज नव्हती, मीच मजुरांना सांगायचो. त्या दिवशी मला दर्यापूरला साळ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला दुपारपर्यंत पोचायचं होतं. मी डायरीत 'पट्ट्याची पायी पाहणी केली' असं लिहिलं आणि सही केली. पाहणी केली नव्हती. काडी लावा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. कपारीच्या तोंडाशी ती पडलेली होती. जळलेली फारशी नव्हती, धुराने गेली होती. तोंड आतल्या बाजूला होतं. पोटाखाली दोन पिलं. एक मेलेलं. दुसरं माझं बोट चोखायला लागलं.

कळवलं असतं तर चौकशी झाली असती आणि डायरीतली सही उघडी पडली असती. मी कपारीत दगड रचले. पिल्लू पिशवीत घातलं आणि मोटरसायकलवरून थेट तुझ्या दारात.

"हे काय हाय?" तू विचारलंस.

"दोन महिने ठेव. मग पाहू."

"माय कुठं हाय हिची?"

तुला मी खोटं बोललो नाही. जगात तेवढं एकदाच, आणि तुलाच, मी खरं सांगितलं होतं. "मेली. माझ्या जाळात."

भाभीने आतून शेळीचं दूध आणि सलमाची जुनी बाटली आणली. चंदा नाव भाभीनेच ठेवलं, छातीवरच्या खुणेवरून. दोन महिन्यांची सहा वर्षं झाली, कारण मी 'मग पाहू' म्हणायचो आणि पाहायचो नाही.

वर्षाची झाल्यावर तिने शेजाऱ्यांचा दरवाजा फोडला. मंडीतून तू संध्याकाळी यायचास, तोवर घरात भाभी आणि पोरी. मग तू नाक छेदलंस. तुझ्या बापाने, आज्याने जसं छेदलं तसंच. मी ऐकलं आणि तीन महिने तुझ्या घरी आलो नाही. आलो तेव्हा तुला मोठ्या तोंडाने सुनावलं, मुक्या जनावराला असं करतात का. तू सुपारी कातरत होतास. अडकित्ता खाली ठेवून म्हणालास, "मंग ने घरी. बांध तुह्या क्वार्टरात. सरकारी हाय ना, मजबूत हाय." भाभी आतून हसली. ते भांडण तिथेच राहिलं ते राहिलंच. त्याच्यापुढे मी कधी नेलं नाही, कारण पुढचं पाऊल माझ्या दाराकडेच जात होतं. अस्वलाला खायला लागतं, आणि मंडीतल्या पेट्यांवर ते भागत नव्हतं. तू खुंटीवरचा डमरू काढलास.

मग वरून हुकूम आला. सगळी अस्वलं जप्त करा. कायदा जुनाच होता, आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. जप्तीच्या पार्टीत मी होतो. तुझ्या अंगणात खाट टाकून साहेब बसले आणि पंचनामा लिहायला मला सांगितलं, कारण माझं अक्षर चांगलं.

पिंजऱ्यात ती आपणहून चढली. तू पुढे चढलास म्हणून चढली. मग तू दुसऱ्या बाजूने उतरलास.

साहेबांनी विचारलं, "पिल्लू कुठून आणलंस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी कागदाकडे पाहिलं.

"जंगलातून," तू म्हणालास.

"आणि आई?"

"मेली."

"कशी मेली? कोणी मारली?"

तू गप्प. साहेब मला म्हणाले, "लिहा हो नेहमीचं." नेहमीचं म्हणजे फायलीला लावलेल्या जुन्या नमुन्यातलं वाक्य. सगळ्या पंचनाम्यांत तेच उतरवायचे. मी ते माझ्या चांगल्या अक्षरात उतरवलं : आरोपीने मादी अस्वलास ठार मारून पिल्लू पळविले आहे. मला निवृत्तीला दोन वर्षं होती. मुलीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की त्यांना आता चव राहिली नाही. खरं कारण एकच, मी भ्यालो. तू खाली उर्दूत सही केलीस. काय लिहिलंय ते तू तेव्हा मला विचारलं नाहीस.

त्या एका वाक्याने पुढे बराच प्रवास केला. पंचनाम्यातून कोर्टात गेलं, कोर्टातून पेपरात, आणि शेवटी चंदासोबत त्या पाटीवर. तू काही महिने आत राहिलास, आणि नंतर कित्येक वर्षं तारखा. पण तुला मारलं ते तुझ्याच लोकांनी. दरवेशाच्या घरात अस्वल म्हणजे रोजी देणारी माय. पिल्लू विकत घेतात, बदलून घेतात, पण पिलासाठी माय मारली म्हणजे हात नापाक झाला. तुझ्या साळ्याने तुझ्या घरचं पाणी पिणं सोडलं. भाभी त्या दुःखातच गेली, असं मी म्हणणार नाही, तिला दम्याचा आजार होता. पण तिच्या भावाने तिला शेवटचं पाणीसुद्धा तुझ्या घरात पाजलं नाही, तिला अंगणात आणायला लावलं. मी तिथे उभा होतो.

तुम्ही अचलपूर सोडून अकोल्याच्या जुन्या शहरात गेलात. मी निवृत्त होऊन अमरावतीत. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी तुझ्याकडे छत्री घेऊन यायचो. उन्हाळ्यातही. चांगल्या छत्रीची काडी मी घरी स्वतःच वाकवून आणायचो, हे तुला पहिल्याच वेळी कळलं असणार, कुलपं आणि छत्र्या तुझ्याशी खोटं बोलू शकत नसत. तू काडी सरळ करायचास आणि म्हणायचास, "सुध्या, तुह्या छत्रीले दरवेळी एकाच जागी मार बसते बावा. कोन मारते तिले?"

एकदाच, फक्त एकदा, मी विषयाच्या जवळ गेलो. विचारलं, "गफूर, त्या दिवशी तू माझं नाव काहून नाही घेतलं?" तू तोंडात खिळे धरून काम करत होतास. ते काढून हातात घेतलेस. "तुले अब्बानं बसवलं होतं ना," तू म्हणालास, आणि खिळे पुन्हा तोंडात धरलेस. मी समजून घेतलं नाही. मला वाटलं, तू विषय टाळलास.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी मी सलमाकडे आलो. ती उर्दू शाळेत गणित शिकवते, तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना सांगतो. मी म्हणालो, "बेटा, एक दिवस माझ्यासोबत चल. चंदाकडे. तुला काही वाचून दाखवायचं आहे."

"काय वाचाचं हाय, चाचा?"

"तिथेच सांगतो."

ती आली. शिवलालने मला ओळखलं. "बाबा नाही आले?" त्याने विचारलं, आणि सलमाच्या डोक्यावरची पांढरी ओढणी पाहून त्याचं त्यालाच कळलं. तो म्हणाला, "ते फूल दिले होते ना, मोहाचे, डॉक्टरनं हो म्हटलं होतं. दोन दिवस खाल्ले तिनं. कागद बी चाटला." गफूर, हे मी तुला कळवणार होतो. जिवंत असतास तर तुझ्या चेहऱ्याकडे पाहत कळवलं असतं.

चंदा सावलीत होती. मी पाटीसमोर उभा राहिलो आणि सलमाला मोठ्याने वाचून दाखवलं. शिकाऱ्याने आईला ठार मारून. सगळं. मग म्हणालो, "हे वाक्य मी लिहिलेलं आहे. हे खोटं आहे. तुझ्या अब्बांनी हिच्या आईला मारलं नाही. मी मारलं." आणि जाळरेषेपासून पंचनाम्यापर्यंत सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसं.

सलमा रडली नाही. तिने कुंपणाची तार धरली होती.

"चाचा, मी बारावीत होते. पोरी मले म्हनत, तुह्या बापानं अस्वलाच्या मायले मारलं. मी अब्बासोबत एक वर्ष बोलली नाही. एक वर्ष! ताट पुढं सरकवाची आन निघून जाची. आन तुमी आमच्या घरी ईदले शीरखुर्मा खाऊन जात होते!"

"हो."

"कसा उतरत होता हो घशाखाली?"

मी म्हणालो, "उतरत होता, बेटा. तेच तर."

एक गाडी थांबली, त्यातली माणसं अस्वलाचे फोटो काढून गेली. मी म्हणालो, तुझ्या अब्बांना मी इथे हे खोटं वाचून दाखवलं होतं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की इथे काय लिहिलंय.

तेव्हा ती वळली.

"कोन म्हनलं? त्याहिले सारं मालूम होतं. शेजाऱ्याच्या फोटोतली पाटी मीच वाचून दाखवली होती, तुमी जाच्या आठ दिवस आधी. मी म्हनलं, अब्बा, हे तुमच्याबद्दल लिवलं हाय. थे म्हनले, हो."

मला कुठेतरी बसायचं होतं आणि तिथे बसायला काही नव्हतं.

"तुमी दोघं जाऊन आल्यावर मी विचारलं, कसं झालं? तं म्हनले, पोरगी मजेत हाय, जाडी झाली." ती थांबली. "आन तुमच्याबद्दल म्हनले, त्याचं भेव अजून गेलं नाही. मले काही समजलं नाही. मले वाटलं, अस्वलाले भेले तुमी."

म्हणजे तुला माहीत होतं. पाटी तुला माहीत होती, ते वाक्य कुणाचं हेही माहीत होतं, आणि तरी आजारी छातीने अकोल्याहून दोन बसगाड्या बदलून तू आलास, मला तिच्यापुढे उभं केलंस आणि विचारलंस, काय लिवलं हाय. चंदासाठी आला होतास हे खरं. पण तू माझ्यासाठीही आला होतास. मला एक संधी देऊन पाहिलीस. आणि ती मी दवडली, तरी अर्धी खारी मला दिलीस.

परतीच्या जीपमध्ये सलमा पुढच्या सीटवर बसली, मी मागे. परतवाड्याला उतरल्यावर तिने माझी पिशवी हातात घेतली आणि अमरावतीच्या बसपर्यंत आणून दिली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. खिडकीतून पिशवी देताना एवढंच म्हणाली, "कागदावर लिवून द्या, चाचा. बोलून उपयोग नाही. थे वाक्य कागदावर होतं."

मी लिहून दिलं. प्रतिज्ञापत्र केलं. एक प्रत त्या आश्रयघराच्या मॅनेजरला, एक आमच्या खात्याच्या कार्यालयात. तिथला नवा तरुण अधिकारी वाचता वाचता दोनदा माझ्याकडे पाहायला थांबला. "काका, आता हे कशाला? सगळे मरून गेले." मी म्हणालो, अस्वल जिवंत आहे. आणि मुलगीही. त्याने शिक्का मारून पोच दिली. पुढे काय व्हायचं ते होईल.

मॅनेजर भला माणूस. पाटी बदलायला तयार झाला, पण आम्ही पाटीवर माणसांची नावं लिहीत नाही म्हणाला. ना माझं, ना तुझं. मी बराच वाद घातला. शेवटी ठरलं, पाटीवर नुसतं खरं लिहायचं, नावं मी माझ्या कागदावर लिहावीत. म्हणून ती इथे लिहिली. वनपाल मी, सुधाकर. दरवेशी तू, शेख गफूर.

काल सलमाने मोबाइलवर नव्या पाटीचा फोटो पाठवला. ती आपणहून, एकटी, जाऊन आली. फोटोखाली तिने काही लिहिलं नाही. मी तो मोठा करून पाहिला. मागे कडेला चंदाचा फाटका कान दिसतो.

तू विचारलं होतंस ना, काय लिवलं हाय? ऐक.

'नाव आशा. आधीचं नाव चंदा. मादी. जाळरेषा पेटवण्याआधी कपारी पाहण्याचं काम वनपालाने केलं नाही, त्या आगीच्या धुरात हिची आई मेली. वनपालाने हे लपवलं आणि दोष दुसऱ्यावर लिहिला. पिल्लू एका दरवेशी कुटुंबाने शेळीच्या दुधावर वाचवलं. त्याच घरात तिचं नाक छेदलं गेलं आणि तिला बाजारात नाचवलं गेलं. आता ती म्हातारी आणि आंधळी आहे. कृपया मोठ्याने बोलू नये.'

नाकाचं राहू दिलं आहे, तू म्हणाला होतास तसं. शेवटची ओळ शिवलालने सांगून घालायला लावली. त्याने त्या दिवशी तुला पाहिलं होतं.

एकही शब्द गाळला नाही, गफूर. तुझ्या अब्बांनी घेतलेलं आणि तू इतकी वर्षं सांभाळलेलं माझं भेव माझ्याजवळ परत आलं आहे. तुझी पाठ दुखली असेल.

उतरलो रे.